क्रुकलिन (१९९४): आरडाओरडा करणाऱ्या आईचा चित्रपट

खिडकीवाली

(पुढे सगळी कथा उघड केली आहे. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी बघून या, धागा कुठे पळून जात नाही.)

स्पाइक लीने १९९२ मध्ये माल्कम एक्स या कृष्णवर्णीय नेत्यावर तीन तासांहून मोठा चित्रपट केला. आता हा आणखी काहीतरी भव्य काढणार, असं वाटत असताना १९९४ मध्ये त्याने काढला 'क्रुकलिन'. यात नेता नाही, मोर्चा नाही, भाषण नाही. १९७३ सालचं ब्रुकलिन आहे, त्यातली बेडफर्ड-स्टायव्हसंट ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे (सगळे 'बेड-स्टाय' म्हणतात), आणि तिथे राहणारं कारमायकल कुटुंब आहे. आई कॅरोलिन शाळेत शिकवते. बाप वुडी जॅझ संगीतकार, म्हणजे बहुतेक वेळ घरी. चार मुलगे आणि एक मुलगी. मुलीचं नाव ट्रॉय, वय नऊ. चित्रपट तिचा आहे.

श्रेयनामावलीपासूनच लक्ष द्या. रस्ताभर पोरं. दोन दोऱ्या उलटसुलट फिरवून मधे उड्या मारणाऱ्या मुली, डांबरावर खडूने चौकोन आखून बाटल्यांची बुचं टिचक्यांनी सरकवणारे मुलगे. मागे स्टायलिस्टिक्सचं संथ गाणं चाललंय. गाण्यात पगारवाढीसाठी कचरा न उचलणारे सफाई कामगार आहेत, शेअर बाजारात बुडणारे पैसे आहेत. आणि पोरांना त्याचं काहीही पडलेलं नाही. तो काळ आणि ते वय, दोन्ही एकाच चौकटीत बसवलंय.

मला या चित्रपटाबद्दल एकच गोष्ट सांगायचीय. आठवणींवरचे बहुतेक चित्रपट आई गेली की तिला देव्हाऱ्यात बसवतात. मऊ आवाज, पदराला डोळे, गरम पोळी वगैरे. इथली आई पहिल्या प्रसंगापासून ओरडते. स्वयंपाकघर घाण ठेवून पोरं झोपलीत म्हणून ती त्यांना रात्री गदागदा उठवून भांड्यांपाशी उभी करते. एका पोराला ताटातली चवळी नकोय, तर ती संपेपर्यंत त्याची टेबलावरून सुटका नाही. (हो, चवळीच. तिकडच्या कृष्णवर्णीय घरांत ती आपल्यापेक्षा जास्त शिजत असेल.) नवऱ्याचे चेक परत येतात, विजेचं बिल थकून दिवे जातात, आणि घरात पगार आणणारी ती एकटी. आल्फ्री वुडर्डने हे काम असं केलंय की तिचा रागही येतो आणि ती खोलीतून गेली की घर मोकळं मोकळं वाटतं. ती पुढे कर्करोगाने जाते. पण त्याआधीची कॅरोलिन चित्रपटाने जराही गोड करून घेतलेली नाही, म्हणून तिचं जाणं लागतं.

कथा मुळात स्पाइकची बहीण जोई हिची, आणि पटकथा जोई, भाऊ सिंके आणि स्पाइक अशा तिघा भावंडांची. जगभर गाजलेल्या भावाने बहिणीची आठवण पडद्यावर आणली आणि स्वतःकडे भूमिका कुठली घेतली, तर सरस हुंगून गल्लीतल्या लहान पोरांचे पैसे हिसकावणाऱ्या स्नफीची! शेवटी ट्रॉय बेसबॉलची बॅट घेऊन त्यालाच झोडपते. बहिणीने लिहिलेल्या चित्रपटात भावाने मार खाणं मला फार आवडलं.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी लिहा.

दुसरा_चहा

आई जाते हे दुसऱ्या मिनिटाला सांगून टाकलंत बाई. इशारा वाचला होता, तरी वाचत गेलो, दोष माझ्या डोळ्यांचा. लेख आवडला. आज रात्री बघतो.

नाक्यावरचा

पाहिला आहे. स्पष्ट सांगतो, अर्ध्यात घड्याळ बघत होतो. गोष्टच पुढे सरकत नाही. पोरं भांडतात, आई ओरडते, शेजारी ओरडतो, पुन्हा पोरं भांडतात. मग मुलगी नातेवाइकांकडे जाते, परत येते, आई वारते, संपलं. याच दिग्दर्शकाचा १९८९ चा पिझ्झावाल्याचा चित्रपट बघा, एका दिवसात काय ताण उभा केलाय! इथे त्याची पकड सुटली आहे. आपलं लहानपण आपल्याला सुंदर वाटतं म्हणून ते दोन तास लोकांनी का बघावं?

आडवा_कॅमेरा

नाक्यावरचा, 'नातेवाइकांकडे जाते' एवढ्यात गुंडाळलंत त्या भागाबद्दल तर बोलायला हवं.

ट्रॉयला उन्हाळ्यात दक्षिणेकडे साँग मावशीकडे पाठवतात. नीटनेटकं उपनगर, हिरवळ, क्वीनी नावाची लाडावलेली कुत्री, आणि मावशीला ट्रॉयच्या वेण्या खुपतात. तो सगळा भाग पडद्यावर चेंगरलेला दिसतो. माणसं उंच, बारीक, दारं चिंचोळी. छायाचित्रकार आर्थर जाफा. रुंद पडद्याचं चित्र फिल्मवर दाबून घेणारी लेन्स असते आणि प्रक्षेपण करताना ते दुसऱ्या लेन्सने पुन्हा पसरवायचं असतं. इथे दाबलं, पण पसरवलंच नाही, मुद्दामच. वीसेक मिनिटं तसंच. प्रेक्षक उठून यंत्रवाल्याला शिव्या द्यायला जायला लागले, तेव्हा चित्रगृहांना बाहेर पाट्या लावाव्या लागल्या की यंत्र बिघडलेलं नाही, चित्रपटच असा आहे.

आता याचा अर्थ काय? शहरातला गोंगाट, दाटी, कचरा हे सगळं सरळ, भरल्या रंगात दिसतं. आणि ज्याला आपण 'चांगलं वातावरण' म्हणू ते उपनगर वाकडं. मुलीच्या डोळ्याला जे परकं ते वाकडं. खर्च शून्य, परिणाम पक्का.

खिडकीवाली

मला ती युक्ती पहिल्यांदा अति वाटली होती, खरं सांगते. पाच मिनिटांत कळतं, मग उरलेली पंधरा मिनिटं डोळे दुखतात. पण क्वीनीचा शेवट त्याच भागात आहे आणि तो मी हसू आवरत पाहिला, तेव्हा माफ.

दुसरा_चहा

क्वीनीचं काय होतं?

आडवा_कॅमेरा

घडीचा सोफा-पलंग असतो. तो उघडतात. एवढंच सांगतो.

साधाप्रश्न

एक शंका. हे लोक राहतात ते तपकिरी दगडाचं, तीन-चार मजली, ऐसपैस घर. स्वतःचं. वर भाडेकरूसुद्धा ठेवलाय. आणि विजेचं बिल भरायला पैसे नाहीत, मुलीला फूड स्टॅम्प (सरकारी मदतीची कुपनं) घेऊन दुकानात पाठवतात. हे काही पटलं नाही. गरीब आहेत की श्रीमंत?

हडसनकाठ

चांगला प्रश्न आहे. मी पलीकडे न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

ती दगडी घरं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुखवस्तू गोऱ्यांसाठी बांधलेली. १९३६ मध्ये भुयारी रेल्वेचा फुल्टन रस्त्याखालचा मार्ग सुरू झाला, हार्लेमहून थेट ए गाडी यायला लागली (ड्यूक एलिंग्टनच्या वादकांची ती प्रसिद्ध धून याच गाडीची), आणि हार्लेमच्या दाटीतून कृष्णवर्णीय कुटुंबं इकडे सरकली. त्याच दशकात सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे रंगीत नकाशे बनवले. कुठे कर्ज देणं सुरक्षित, कुठे धोक्याचं. बेड-स्टाय लाल रंगात. कारणांमध्ये वस्तीचा वंश उघड उघड लिहिलेला असायचा. लाल म्हणजे बँक कर्ज देणार नाही, दुरुस्तीला पैसा मिळणार नाही. दलाल गोऱ्या घरमालकांना 'ते आले, आता भाव पडणार' म्हणून घाबरवायचे, स्वस्तात घरं घ्यायचे आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना चढ्या भावाने विकायचे. हा भेदभाव कायद्याने बंद झाला १९६८ मध्ये. चित्रपटाचा काळ त्यानंतर पाचच वर्षांचा.

म्हणून घर असणं आणि हातात पैसा असणं या तिथे दोन वेगळ्या गोष्टी होत्या. भिंती भक्कम, हातात रोकड नाही. भाडेकरू हौसेने ठेवलेला नसतो, त्याच्या भाड्यावर घर चालतं. चित्रपट यातलं एक अक्षरही बोलून दाखवत नाही, कारण नऊ वर्षांच्या मुलीला ते ठाऊक नसतं. तिला मेणबत्त्या दिसतात.

साधाप्रश्न

आता समजलं. धन्यवाद. हे धाग्यातच घाला वर.

विमलमावशी

मुलांनो, माझा नातू मला हे असले धागे उघडून देतो. चित्रपट त्याच्याबरोबर पाहिला, खाली अक्षरं येत होती ती तो वाचून सांगत होता.

फूड स्टॅम्पचा प्रसंग मला लागला. मुलीला दुकानात ती कुपनं काढून द्यायची लाज वाटते, आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना म्हणून ती बघते. त्याच सुमारास, म्हणजे बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात, आम्ही नगर जिल्ह्यात रेशनच्या रांगेत उभे होतो. अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. भाकरी थापली की तुटायची, चव विचारू नका. पण लाज नव्हती हो. पाटलाची सून आणि मी एकाच रांगेत. सगळं गावच खडी फोडायला जात होतं तर लाजायचं कोणाला? त्या पोरीच्या हातात मात्र वेगळ्या रंगाचं कुपन आणि मागच्या बाईच्या हातात नोटा. माणूस उपाशी असतो त्यापेक्षा एकटा पडतो तेव्हा जास्त मरतो.

आणि ती आई मला अजिबात ओरडणारी वाटली नाही. पाच पोरं म्हणजे काय ते या लेखिकेला ठाऊक नसावं.

खिडकीवाली

मावशी, एकच आहे मला, आणि तेवढ्यात घसा बसतो! मिलोचं लिहिलंत ते फार बरं केलंत. ती कुपनं तेव्हा पुस्तिकेसारखी असायची, दुकानात सगळ्यांसमोर फाडून द्यायची. लपवायची सोयच नव्हती.

ढोलकीवाला

बापाबद्दल कोणीच बोलत नाहीये. डेलरॉय लिंडोने वुडी फार मायेने उभा केलाय. 'माल्कम एक्स'मध्ये हाच माणूस हार्लेमचा गुंड आर्ची होता, ओळखू येत नाही.

वुडी म्हणजे स्पाइकचे वडील बिल ली. मोठे बासवादक (बास म्हणजे खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य). बॉब डिलन, अरीथा फ्रँकलिन या गायकांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवलेले. साठच्या दशकात सगळीकडे विजेवरचा बास आला, तेव्हा हा गृहस्थ म्हणाला, मी लाकडीच वाजवणार. कामं आटली. घर आईच्या शिक्षिकेच्या पगारावर आलं. चित्रपटात वुडी 'मी माझंच संगीत वाजवणार' म्हणून अडून बसतो तेव्हा कॅरोलिनच्या तोंडावर जे येतं, ते त्या घरातलं खरं भांडण आहे. आणि चित्रपट कोणाच्याच बाजूने निकाल देत नाही. कलावंत म्हणून तो बरोबर, बिल भरणारी म्हणून ती बरोबर, आणि पोरं जिन्यात बसून ऐकतायत.

एक खोच बघा. स्पाइकच्या पहिल्या काही चित्रपटांना संगीत बिल लींचंच होतं. पुढे बापलेकांचं बिनसलं. त्यामुळे बापाच्या संगीतावरच्या हट्टाबद्दलचा हा चित्रपट, आणि पार्श्वसंगीत मात्र टेरेन्स ब्लँचर्डचं.

बास्केटबॉलचं पण सांगतो. थोरल्या क्लिंटनला एकाच रात्री बापाची मैफल आणि न्यूयॉर्कच्या निक्स संघाचा सामना यांतून एक निवडायचं असतं. तो सामन्याला जातो. हे स्पाइकच्या बाबतीत खरंच घडलेलं आहे, ८ मे १९७० च्या अंतिम सामन्याला. निक्सचा विलिस रीड दुखऱ्या पायाने मैदानात आला तो. पन्नास वर्षं झाली तरी हा माणूस निक्सच्या सामन्याला कडेच्या खुर्चीवर बसून आरडाओरडा करतोच आहे. आईवर गेलाय.

नाक्यावरचा

ढोलकीवाला, माहिती उत्तम. पण माहिती बाहेरून आणावी लागते म्हणजेच चित्रपटात ती नाही. दुसरा मुद्दा. १९७३ चं अमेरिकेतलं कृष्णवर्णीय घर, आणि राजकारणाचा मागमूस नाही? ब्लॅक पँथर १९६६ मध्ये निघालेला. आपल्याकडे १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी त्या नावावरून दलित पँथर काढली, म्हणजे ठिणगी मुंबईपर्यंत आली. आणि खुद्द ब्रुकलिनमधली पोरं टीव्हीवर काय बघतात, तर गोऱ्या मुलांचा गाण्यांचा कार्यक्रम! हे गोड गोड करणं नाही तर काय?

खिडकीवाली

आता कसं, मुद्द्यावर आलात.

पोरं 'पार्ट्रिज फॅमिली' बघतात, त्यातलं गाणं तोंडपाठ म्हणत घरभर नाचतात. तुम्हाला ते गुळगुळीत वाटलं, मला तो चित्रपटातला सगळ्यात धीट प्रसंग वाटला. कारण ते तसंच होतं. गोऱ्या कुटुंबाचा कार्यक्रमही त्यांचा होता आणि 'सोल ट्रेन' हा कृष्णवर्णीयांचा नाचगाण्यांचा कार्यक्रमही त्यांचाच होता. १९९१ पासून हॉलिवुडमध्ये एकामागून एक चित्रपट आले, त्यांत अशी वस्ती म्हणजे टोळी, पिस्तूल आणि कॅमेऱ्यासमोर मरणारा एक हुशार मुलगा. तेही खोटं नव्हतं. पण प्रत्येक कृष्णवर्णीय मुलाने पडद्यावर आलं की काहीतरी 'मांडलंच' पाहिजे, ही अपेक्षा पण एक लाल नकाशाच आहे. गोऱ्या मुलांच्या लहानपणावर शेकडो चित्रपट निघाले, त्यांना कोणी विचारलं का की निक्सन कुठे आहे?

आणि राजकारण नाही कसं? वरचा भाडेकरू व्हिक व्हिएतनामहून परत आलेला आहे. शेजारचा टोनी गोरा, घरात कुत्र्यांचा घाणेरडा वास, कोणाशी पटत नाही. मारामारी होते तेव्हा पोलीस व्हिकला नेतात. ट्रॉय ते बघते आणि पुढच्या खेळाला लागते. तुम्हाला भाषण हवं होतं.

नाक्यावरचा

भाषण नको होतं. गोष्ट हवी होती.

हडसनकाठ

दोघांच्या मधे पडतो. राजकारण वस्तीत होतंच. शर्ली चिझम १९६८ मध्ये बेड-स्टायमधूनच अमेरिकी संसदेत गेल्या, पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, आणि १९७२ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढल्या. त्याही मुळात शिक्षिका, कॅरोलिनसारख्या. ट्रॉयच्या आईने त्यांना मत दिलं असेल की नाही हे चित्रपट सांगत नाही, आणि मला त्याचं थोडं वाईट वाटतं. इथे मी नाक्यावरचा यांच्या बाजूने.

चित्रीकरण आर्लिंग्टन प्लेस नावाच्या छोट्या गल्लीत झालंय. मी तिथे गेलो आहे. घरं तशीच, पायऱ्या तशाच, खिडक्यांना नवे रंग. पायऱ्यांवर कोणी बसलेलं नव्हतं. तिथली घरं आता दहा लाख डॉलरच्या पुढे विकली जातात. ज्या नकाशाने बँकांना पळवून लावलं होतं त्याच गल्ल्यांत आता दलाल पत्रकं टाकतायत, 'तुमचं घर रोखीत घेऊ'. म्हाताऱ्या मालकिणींना दिवसाला चार-चार.

२०१४ मध्ये स्पाइक ली ब्रुकलिनच्याच प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये बोलताना यावर भयंकर तापला होता. गोरे लोक राहायला आल्यावरच शाळा का सुधारतात, कचरा वेळेवर का उचलला जातो, असा त्याचा सवाल. (श्रेयनामावलीतलं गाणं आठवा.) आणि त्याने सांगितलेला किस्सा असा की वडिलांनी १९६८ मध्ये घेतलेल्या घरात ते बास वाजवत होते म्हणून नव्याने आलेल्या शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. तोच लाकडी बास. आवाज वाढवायला वीजसुद्धा नाही त्याला.

ढोलकीवाला

अरेरे. विजेवरचा वाजवला असता तर निदान तक्रारीत दम असता.

दुसरा_चहा

बघितला रात्री. सोफ्याचं कळलं. शेजारच्या खोलीतून बायको विचारायला आली काय झालं म्हणून.

आई गेल्यावरचा भाग मला वाटलं होतं त्याहून वेगळा निघाला. मोठं रडणं नाही. ट्रॉय अंत्यविधीला यायलाच तयार नसते, बाप समजावतो. घरी लोक जमलेले, जेवण चाललंय, आणि धाकटा जोसेफ एका बाजूला रडत बसलेला. ट्रॉय जाऊन त्याचे डोळे पुसते. तिथून पुढे ती घरातली बाई झाली. तोवर दहा वर्षांची झालेली. हे मला सुंदर वाटलं नाही, राग आला. चार मुलगे आणि एक बाप घरात असताना आईची खुर्ची त्या पोरीकडेच का?

विमलमावशी

बाबा, हे विचारलंस ते बरं केलंस. माझी आई गेली तेव्हा मी अकराची होते, तीन भाऊ. कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाचा डबा माझ्यापुढे होता.

खिडकीवाली

मावशी...

दुसरा_चहा, तो राग चित्रपटातही आहे असं मला वाटतं. जोईने लिहिलंय ते भावांबरोबर बसून, त्यांना दाखवत. आईने शेवटी ट्रॉयवर घर सोपवलं, मुलग्यांवर नाही, हे तिने तसंच ठेवलं. सजवलं नाही आणि तक्रारही केली नाही. बॅट मात्र हातात दिली.

साधाप्रश्न

दहा वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

खिडकीवाली

शिव्या आहेत, सरस हुंगणं आहे, आईबापाचं एक जोरदार भांडण आहे ज्यात पोरंही मधे पडतात. शेजारी बसून दाखवा. उपनगराचा चेंगरलेला भाग आला की टीव्ही बिघडला नाही हे आधीच सांगून ठेवा.

नाक्यावरचा

मत बदललेलं नाही. संथ आहे तो आहे. पण काल पुन्हा सुरुवातीची दहा मिनिटं लावून बघितली, ती बुचांच्या खेळासाठी. नियम कोणाला माहीत आहेत का? एका चौकोनातून दुसऱ्यात क्रमाने न्यायचं एवढं कळलं. दुसऱ्याचं बूच उडवलं तर पुन्हा खेळी मिळते का?

हडसनकाठ

मिळते. शेवटचा चौकोन मधोमध असतो, त्याच्याभोवतीच्या पट्ट्यात बूच अडकलं की खेळ थांबला. बुचात मेण वितळवून ओततात, म्हणजे जड होऊन सरळ जातं. मेणबत्त्या त्या घरात होत्याच.